मॅक्स लिंडर : जगाला हसविणारा पिता आणि त्याचा शोध घेणारी लेक

चार्ली चॅप्लिनला न ओळखणारे घर आज शोधूनही सापडणार नाही. ढगळ विजार, अंगाला आवळून बसलेला आखूड कोट, हातात वेताची छडी आणि ओठांवर इवलीशी मिशी ही आकृती नातवंडांपासून आजोबांपर्यंत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु या चॅप्लिनने ज्याला आपला गुरू मानले, त्या मॅक्स लिंडरचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणी ऐकले असेल. चॅप्लिनने आपले एक छायाचित्र लिंडरला भेट दिले होते. त्यावर स्वहस्ताने मजकूर लिहिताना त्याने लिंडरला ‘प्राध्यापक’ म्हटले आणि स्वतःला त्याचा शिष्य म्हणवून घेतले. हा निव्वळ शिष्टाचार नव्हता. १९१४ साली चॅप्लिन प्रथमच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तेव्हा लिंडरला चित्रपटांत काम करू लागून नऊ वर्षे झाली होती आणि फ्रान्सपासून रशियापर्यंत त्याचे नाव घरोघरी पोहोचले होते.

असे असूनही गुरू विस्मृतीत गेला आणि शिष्य अमर झाला. त्यामागे काळाचा हात आहे, युद्धाचा आहे, तितकाच खुद्द लिंडरच्या हातून घडलेल्या एका भयंकर कृत्याचाही आहे. पुढे त्या विस्मृतीतून त्याला बाहेर काढले ते कोणा इतिहासकाराने नव्हे. त्याच कृत्यामुळे वयाच्या सोळाव्या महिन्यात पोरक्या झालेल्या त्याच्या मुलीने ते काम केले.

द्राक्षमळ्यातून रंगभूमीकडे

लिंडरचे मूळ नाव गाब्रिएल-मॅक्सिमिलियन लव्हिएल. जन्म १६ डिसेंबर १८८३ रोजी, फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो शहराजवळच्या सें-लुबेस या गावी. हा प्रदेश द्राक्षांचा आणि मद्याचा. घरचे द्राक्षमळे होते, व्यवसाय पिढीजात होता, आणि मुलाने तोच पुढे चालवावा अशी वडीलधाऱ्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. मुलाचा ओढा मात्र लहानपणापासून गावात येणाऱ्या फिरत्या नाटकमंडळ्या आणि सर्कशींकडे होता. शालेय अभ्यासात त्याचे मन रमले नाही. बोर्दोच्या नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश मिळताच त्याने मळ्याकडे पाठ फिरविली.

बोर्दोच्या रंगभूमीवर त्याने काही वर्षे मोलिएर, कोर्नेय, म्युसे अशा अभिजात नाटककारांच्या नाटकांत कामे केली. पुढे तो पॅरिसला आला. तेथील नामांकित नाट्यसंस्थेने त्याला प्रवेश नाकारला, तेव्हा किरकोळ भूमिका करीत तो उपनगरी नाटकगृहांतून दिवस काढू लागला. पोटाला आधार हवा म्हणून १९०५ मध्ये तो पाथे कंपनीच्या चित्रीकरणगृहात रोजंदारीवर जाऊ लागला. दिवसा कॅमेऱ्यासमोर धडपडायचे आणि रात्री रंगमंचावर उभे राहायचे, असा त्याचा क्रम होता. त्या काळी रंगभूमीवरील नट चित्रपटाला जत्रेतला खेळ समजत आणि आपले खरे नाव तिथे लावण्यास संकोचत. ‘मॅक्स लिंडर’ हे नाव अशाच संकोचाच्या काळात धारण केलेले आहे. ज्या कामाची लाज वाटत होती त्याच कामाने ते जगभर नेले.

एका व्यापारी निर्णयाची गोष्ट

लिंडरचा उदय समजून घ्यायचा तर पाथे कंपनीच्या व्यवहाराकडे थोडे पाहावे लागते. शार्ल पाथे हा त्या काळातील सर्वांत मोठा चित्रपट-व्यापारी. कोंबड्याचे बोधचिन्ह असलेली त्याची कंपनी प्रारंभी चित्रफिती मीटरच्या हिशेबाने विकत असे, जसे कापडाचे दुकानदार ताग्यातून कापड मोजून देतात. तंबूवाला फीत विकत घेई आणि ती झिजून तुटेपर्यंत गावोगाव दाखवीत राही. त्यात कोण नट आहे याला काही महत्त्व नव्हते. १९०७ मध्ये पाथेने धोरण बदलले आणि चित्रफिती विकण्याऐवजी भाड्याने देण्यास सुरुवात केली. आता चित्रगृह कायमचे झाले, प्रेक्षक तोच राहिला आणि दर आठवड्याला नवे चित्र लागू लागले.

या बदलाचा परिणाम दूरगामी होता. त्याच प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा चित्रगृहाकडे आणायचे तर ओळखीचा चेहरा हवा. आज पाहिलेला गृहस्थ पुढच्या आठवड्यात कोणत्या संकटात सापडतो, याची उत्सुकता हवी. नाव हेच भांडवल झाले. कंपनीचा त्या वेळचा आघाडीचा विनोदी नट आंद्रे दीद १९०९ च्या सुमारास इटलीला निघून गेला आणि रिकाम्या झालेल्या जागी लिंडर आला. लवकरच चित्रांच्या शीर्षकांतच ‘मॅक्स’ हे नाव झळकू लागले : मॅक्स स्नान करतो, मॅक्स स्केटिंग शिकतो, मॅक्सचे लग्न ठरते. नाटकाच्या जाहिरातीत नटाचे नाव असावे ही जुनी रीत होती. चित्रपटाच्या भित्तिपत्रकावरील नाव वाचून देशोदेशीचे लोक तिकीट काढू लागले, हे मात्र नवे होते.

सभ्य गृहस्थाची फजिती

लिंडरपूर्वीचा पडद्यावरील विनोद म्हणजे मुख्यतः आदळआपट. फर्निचर मोडायचे, पीठ उधळायचे, एकामागून एक माणसांनी रस्त्याने धावत सुटायचे. विदूषक दिसताक्षणीच विदूषक म्हणून ओळखू येई. लिंडरने याच्या अगदी उलट वाट धरली. त्याचा मॅक्स हा पॅरिसमधील खात्यापित्या घरचा देखणा तरुण आहे. डोक्यावर चकाकणारी उंच रेशमी टोपी, अंगात बेतून शिवलेला कोट, हातांत पांढरे मोजे, एक छडी आणि निगुतीने कातरलेली मिशी. रस्त्यात भेटला तर त्याला कोणीही आदराने वाट करून देईल.

अशा माणसावर हसू का यावे? कारण तो काहीही झाले तरी आपली प्रतिष्ठा सोडायला तयार नसतो. घसरून पडला तरी उठताना प्रथम टोपी झटकतो. चॅप्लिनच्या भटक्याला गमावण्यासारखे काहीच नसते. मॅक्सजवळ मात्र आब असतो, आणि तो सांभाळण्यासाठी चाललेली त्याची धडपड पाहूनच प्रेक्षक हसतो. चार माणसांत आपली शोभा होऊ नये म्हणून जन्मभर जपणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला या विनोदाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०७ मधील स्केटिंगच्या चित्रात याची पहिली चाहूल लागते. गोठलेल्या तळ्यावर पूर्ण पोशाखात उतरलेला हा तरुण बर्फावर उभासुद्धा राहू शकत नाही. १९१० मधील स्नानाचे चित्र त्याहून पुष्कळ प्रगल्भ आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅक्स न्हाणीचे मोठे टब विकत घेतो, परंतु नळ आहे तो इमारतीच्या सामायिक जिन्यापाशी. पाणी वाहून नेण्याचे कष्ट नकोत म्हणून तो टबच नळाखाली आणतो आणि तिथेच स्नानाला बसतो. शेजारणी जिना चढत येतात, गोंधळ उडतो आणि शेवटी शिपाई त्याला टबासकट उचलून चौकीत नेतात. तेथून तो निसटतो तो टब पाठीवर पालथे घेऊन, कासवासारखा. ज्यांनी चाळीत सामायिक नळाचे दिवस काढले आहेत त्यांना यातील गंमत अधिकच भावेल.

१९११ मधील ‘मॅक्स आणि क्विनाइनचे टॉनिक’ ही कथा अनेक जाणकार त्याची सर्वोत्तम लघुकृती मानतात. अशक्तपणावर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधी मद्य मॅक्स पेलाभर पितो आणि झिंगतो. त्या अवस्थेत तो एकामागून एक बड्या असामींशी भांडण उकरून काढतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रत्येक जण द्वंद्वयुद्धाचे आव्हान म्हणून आपले नावाचे कार्ड त्याच्या हाती देतो. पुढे रस्त्यात पोलीस त्याला पकडतात, खिशात एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे कार्ड सापडते, आणि हाच तो साहेब असे समजून ते त्याला सलाम ठोकून अदबीने ‘घरी’ पोहोचवितात. घर अर्थातच त्या अधिकाऱ्याचे! तेथून हकालपट्टी झाली की दुसरा शिपाई, दुसरे कार्ड, दुसरे घर. ही सारी गोष्ट दहा-पंधरा मिनिटांत सांगितली जाते. त्यात एकही प्रसंग अनावश्यक नाही, आणि मद्यपानाचे गोडवेही नाहीत, हे विशेष.

सर्वच चित्रे मात्र अशी निर्मळ नाहीत. बार्सिलोनाच्या रिंगणात खऱ्या बैलासमोर उतरून त्याने चित्रित केलेले ‘मॅक्स टोरेडोर’ त्या काळी अतिशय गाजले. मुक्या प्राण्याच्या छळावर उभी असलेली ही करमणूक अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला पाहवत नाही, आणि लिंडरच्या चाहत्यांनी तिचे केलेले कौतुकही पटण्यासारखे नाही. त्याच सुमारास त्याने कुत्र्याला दूरध्वनी उचलायला लावून केलेला विनोद कितीतरी सरस होता.

१९११ नंतर कथा, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशी तिन्ही कामे तो बहुतेक एकट्याने करू लागला. १९१२-१३ मध्ये त्याने स्पेन, जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया असा दौरा केला. ठिकठिकाणी स्थानकांवर गर्दी लोटे. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या कार्यक्रमाला पियानोची साथ करणारा तरुण दिमित्री त्योमकिन पुढे हॉलिवूडचा विख्यात संगीतकार झाला. लिंडरचे वार्षिक मानधन दहा लाख फ्रँकवर गेल्याचे त्या वेळी सांगितले जाई. रोजंदारीवर आलेला नट सात-आठ वर्षांत जगातील सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या कलावंतांत गणला जाऊ लागला होता.

युद्ध आणि अमेरिकेची वारी

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध भडकले. लिंडरने स्वतःहून सैन्यात नाव दिले. संदेश पोहोचविण्यासाठी मोटार चालविण्याचे काम त्याच्याकडे आले. तो युद्धात मारला गेल्याची खोटी बातमीसुद्धा वृत्तपत्रांत छापून आली. मृत्यू टळला, पण प्रकृती कायमची खालावली. छातीचे दुखणे जडले आणि त्याबरोबर एक खोल उदासीनताही. पडद्यावर हसरा असलेला हा माणूस एकांतात विषण्ण असे, असे त्याला जवळून ओळखणाऱ्यांनी नोंदविले आहे. युद्धावरून परतलेल्या लक्षावधी तरुणांच्या मनाला झालेल्या जखमांना त्या काळी ना नाव होते, ना उपचार.

इकडे अमेरिकेत वेगळेच नाट्य घडत होते. शिकागोच्या एसॅने कंपनीत चॅप्लिनला आठवड्याला १,२५० डॉलर मिळत. १९१६ च्या प्रारंभी म्युच्युअल कंपनीने त्याला आठवड्याला १०,००० डॉलर आणि वर १,५०,००० डॉलरचा बोनस देऊन पळविले. हादरलेल्या एसॅनेने त्याच्या जागी खुद्द त्याच्या गुरूलाच आणायचे ठरविले. लिंडरशी बारा चित्रांचा करार झाला, मोबदला आठवड्याला ५,००० डॉलर. चॅप्लिनला जे दिले त्याच्या चौपट. गेलेल्या माणसाची हळहळ भरून काढण्यासाठी येणाऱ्या माणसाला दिलेली ही किंमत होती. असे सौदे धंद्यात सहसा फळत नाहीत, आणि तसेच झाले. ज्या प्रेक्षकाला चॅप्लिन हवा होता त्याला रेशमी टोपीतला परदेशी गृहस्थ नको होता. १९१७ मध्ये तीन चित्रे निघाली, त्यांतले ‘मॅक्स इन अ टॅक्सी’ तेवढे बऱ्यापैकी चालले. त्यातच लिंडरची छाती पुन्हा दुखावली, करार अर्ध्यावर राहिला आणि तो मायदेशी परतला.

या वास्तव्यात एक गोष्ट मात्र चांगली घडली. कॅलिफोर्नियात लिंडर आणि चॅप्लिन यांचा स्नेह जुळला. खरे तर व्यवहाराच्या दृष्टीने ते प्रतिस्पर्धी, एकाच्या खुर्चीत दुसऱ्याला बसविलेले. परंतु लिंडरने शिष्याच्या उत्कर्षाबद्दल असूया बाळगली नाही. उलट एकेका प्रसंगावर चॅप्लिन किती कष्ट घेतो, किती वेळा तो पुन्हा पुन्हा चित्रित करतो, याचे त्याने मोकळ्या मनाने कौतुक केले आणि आपणही त्याच्याकडून शिकलो असे सांगितले.

फ्रान्समध्ये त्याने पॅरिसच्या बुलेव्हार प्वासोनियेरवर स्वतःच्या नावाचे चित्रगृह थाटले. १९१९ मध्ये रेमाँ बेर्नार यांच्या दिग्दर्शनाखाली त्याने ‘ल पती कॅफे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. कॅफेतील एका वाढप्याला अचानक मोठा वारसा मिळणार असतो. ही गोष्ट त्याच्या आधी कळलेला धूर्त मालक त्याच्याकडून वीस वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेतो. करार मोडावा तर जबर भरपाई द्यावी लागणार. मग हा लखपती दिवसा गिऱ्हाइकांना कॉफी वाढतो आणि रात्री श्रीमंत म्हणून मिरवतो. करारपत्र न वाचता सही करणाऱ्यांसाठी याहून रंजक धडा क्वचितच कोणी रचला असेल. फ्रान्समध्ये हा चित्रपट उत्तम चालला.

त्या यशाने उमेद वाढून तो पुन्हा अमेरिकेला गेला. या खेपेस कोणाची नोकरी न करता स्वतःच निर्माता होऊन त्याने तीन मोठे विनोदी चित्रपट काढले. १९२१ मधील ‘सेव्हन इयर्स बॅड लक’ त्यांत अग्रगण्य आहे. घरातील नोकरांच्या हातून मालकाचा उंच आरसा फुटतो. बोलणी बसू नयेत म्हणून ते स्वयंपाक्याला मालकासारखा पोशाख चढवून रिकाम्या चौकटीमागे उभा करतात. मॅक्स दाढी करायला येतो. तो हात उचलतो, पलीकडचा हात उचलतो. तो गालाला साबण लावतो, पलीकडचाही लावतो. संशय येतो, जातो, पुन्हा येतो. अखेर लबाडी मॅक्सच्या ध्यानी येते, पण तोवर नोकरांनी चौकटीत खरी काच बसविलेली असते. आता तोतयाला धडा शिकवायचाच म्हणून मॅक्स नेम धरून जोडा भिरकावतो आणि नवा आरसा फोडून बसतो! आरसा फुटला की सात वर्षे दुर्भाग्य, या युरोपीय समजुतीवर पुढची कथा चालते. एका शब्दाचाही आधार न घेता रंगविलेला हा प्रसंग मूकपटाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. मार्क्स बंधूंच्या १९३३ मधील ‘डक सूप’मधला गाजलेला आरशाचा प्रसंग पाहिला की लिंडरची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पाठोपाठ ‘बी माय वाइफ’ आणि १९२२ मध्ये डग्लस फेअरबँक्सच्या ‘थ्री मस्केटिअर्स’चे विडंबन करणारा ‘द थ्री मस्ट-गेट-देअर्स’ आला. त्यात सतराव्या शतकातील शूर शिलेदार मोटारसायकलवरून दौडत येतात आणि दूरध्वनीवर बोलतात. तिन्ही चित्रपट आज पाहतानाही टवटवीत वाटतात. त्या वेळी मात्र त्यांना अमेरिकेत अपेक्षित यश लाभले नाही. लिंडर खचून पॅरिसला परतला.

शेवटचे पर्व

यापुढचा भाग सांगताना लेखणी अडखळते. परंतु तो वगळून लिंडरचे चरित्र लिहिणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

१९२३ मध्ये चाळिशीला टेकलेल्या लिंडरने हेलेन पीटर्स या मुलीशी विवाह केला. घरची मंडळी तिला निनेत म्हणत. तिने वयाची विशीही गाठलेली नव्हती. जून १९२४ मध्ये त्यांना मुलगी झाली, तिचे नाव मोद. बाहेरून पाहता सारे काही होते : कीर्ती, पैसा, तरुण पत्नी, तान्हे मूल. आत मात्र युद्धाने पोखरलेले मन, मावळत चाललेले यश आणि पत्नीविषयी विकोपाला गेलेला संशय. १९२४ च्या प्रारंभी व्हिएन्नात पतिपत्नी औषधांच्या अतिसेवनाने अत्यवस्थ झाली, तेव्हा तो अपघात असल्याचे सांगण्यात आले आणि जगानेही ते मान्य केले. त्याच काळात तो आबेल गान्स यांच्या ‘ओ सकूर!’ या छोट्या चित्रपटात आणि व्हिएन्नात तयार झालेल्या ‘सर्कशीचा राजा’मध्ये दिसला. ही त्याची अखेरची कामे.

३१ ऑक्टोबर १९२५ च्या रात्री पॅरिसमधील एका हॉटेलात लिंडरने पत्नीचा आणि स्वतःचाही अंत घडवून आणला. त्याचे वय अवघे ४१ होते.

त्या वेळच्या वृत्तपत्रांनी या घटनेला दोन प्रेमी जिवांनी मिळून पत्करलेल्या मरणाचा रंग दिला. पुढेही कित्येक लेखकांनी तोच सूर आळवला. हे वर्णन न्यायाचे नाही. त्या रात्री खरोखर काय घडले ते सांगण्यास निनेत उरली नाही. वयाने दुप्पट, संशयाने पछाडलेल्या पतीच्या मुठीत असलेल्या विशीतल्या मुलीच्या ‘संमती’ला कितीसा अर्थ असतो? एक थोर विनोदी कलावंत गेला म्हणून जग हळहळले. त्या घरातून एक तरुण आईही गेली होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहिले.

मोदचा शोध

सोळा महिन्यांची मोद आजोळी वाढली. तिच्यासमोर वडिलांचे नाव निघत नसे. जे घर एका रात्रीत उद्ध्वस्त झाले, त्या घरात असे मौन पाळले जाणे समजण्यासारखे आहे. जगाला तोंडपाठ असलेली आपल्या पित्याची मुद्रा तिने पडद्यावर प्रथम पाहिली ती तरुणपणी. ज्याने आपल्या आईचा जीव घेतला तो माणूस समोर चालत होता, टोपी झटकत होता आणि चित्रगृहातील लोक पोट धरून हसत होते. तिच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या परीने करावी.

तिच्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. त्या नावाशी संबंध तोडून टाकणे ही एक. कलेचा मोठेपणा पुढे करून कृत्यावर पांघरूण घालणे ही दुसरी. तिने दोन्ही नाकारल्या. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे, एका बाजूच्या सत्याने दुसरीचे सत्य खोटे ठरवू नये, हे अनेकांताचे तत्त्व आपण व्याख्यानांतून ऐकतो. फ्रान्समधील या स्त्रीने ते नावही ऐकले नसेल, पण स्वतःच्या जन्मदात्याच्या बाबतीत तिने ते आयुष्यभर आचरले.

काम सोपे नव्हते. लिंडरच्या शेकडो लघुचित्रांपैकी बहुतेक नामशेष झाली होती. त्या काळची नायट्रेटची फीत भडकन पेट घेई, दमट हवेत कुजे. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारभाव उरला नाही, तेव्हा त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी फितीच्या फिती वितळविल्या गेल्या. कोठे अर्धे रीळ, कोठे परदेशी शीर्षक लावलेली तुटकी प्रत, कोठे नुसते भित्तिपत्रक, असे तुकडे मोदने देशोदेशीच्या संग्रहालयांतून आणि खासगी संग्राहकांकडून जमविले. बँकेतील जुन्या खात्याचा हिशेब फाटक्या पावत्यांवरून पुन्हा मांडावा, तसे हे काम दशकानुदशके चालले.

अमेरिकेतील तीन मोठ्या चित्रपटांतील निवडक भाग गुंफून तिने ‘मॅक्स लिंडरच्या सहवासात’ हा चित्रपट तयार केला. १९६३ च्या व्हेनिस महोत्सवात तो दाखविला गेला, आणि लिंडरचे नावही न ऐकलेली पिढी त्याच्या विनोदावर हसली. वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, कान महोत्सवात तिचा ‘रेशमी टोपीतला माणूस’ हा चरित्रपट झळकला. त्यात तिने पित्याची कथा स्वतः सांगितली. १९९२ मध्ये तिचे पुस्तक आले. त्याच्या शीर्षकाचा सरळ अर्थ आहे, ‘मॅक्स लिंडर माझे वडील होते’. ना विशेषण, ना सबब. पित्याची प्रतिभा आणि पित्याचा अपराध, दोन्ही तिने आपल्या नावावर नोंदवून घेतले. २०१७ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी ती गेली.

लिंडरच्या जन्मगावापासून जवळच असलेल्या लिबुर्न शहरातील एका विद्यालयाला आज त्याचे नाव आहे. पॅरिसमधील त्याचे चित्रगृह ‘मॅक्स लिंडर पॅनोरमा’ या नावाने अजूनही सुरू आहे.

मोदने आणि तिच्या पाठोपाठ संग्राहकांनी वाचविलेली बरीच चित्रे आता घरबसल्या पाहता येतात. सुट्टीत मुलांना सोबत घेऊन बसायचे असेल तर प्रारंभ स्नानाच्या टबापासून करावा. ते चित्र काही मिनिटांचे आहे आणि भाषेचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर आरशाचा प्रसंग दाखवावा. बैलाच्या रिंगणाचे चित्र वगळले तरी काही बिघडत नाही. आणि मुलांपैकी कोणी ‘हा तर चार्लीसारखा करतो’ असे म्हणालेच, तर दोघांच्या पहिल्या चित्रांची सालेही त्यांना सांगावीत : १९०५ आणि १९१४.